शिट्टीबाईंची खाडाखोड

शिट्टीबाई मुख्याध्यापिका झाल्या त्या दिवशी कारकुनानं त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला, आणि बाईंनी तो सवयीनं गळ्यात घातला. शिट्टी तिथं आधीच होती. चालताना दोन्हींचा असा खणखणाट व्हायचा की बाई येतायत हे वर्गाला जिन्यावरूनच कळायचं, आणि त्या दारात पोचेपर्यंत अख्खा वर्ग तोंडावर बोट ठेवून शहाण्यासारखा बसलेला असायचा. बाईंना वाटायचं, वा, काय शिस्त आहे!

बाई मुळात खेळाच्या शिक्षिका. पायात कॅनव्हासचे बूट, चेहरा उन्हानं रापलेला, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज जाणारा. मुख्याध्यापिकेच्या खोलीतल्या मऊ खुर्चीत बसल्या की ती करकरायची, म्हणून त्या उभ्यानंच सह्या करायच्या. आणि सही तरी कशी! मांजरानं उशी ओरबाडावी तशी.

खरं सांगायचं तर ती खुर्ची त्यांच्याकडे चालून आली ती कुणालाच नको होती म्हणून. मुलींच्या त्या शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी घसरत चालला होता. सगळ्यांत ज्येष्ठ विज्ञानाच्या बाई, त्यांचा रक्तदाब वाढला. त्यांच्या खालोखाल भाषेच्या बाई, त्यांच्या लेकीचं बाळंतपण निघालं. गणिताचे सर म्हणाले, "मुलींच्या शाळेला बाईच शोभते," आणि हात झटकून मोकळे झाले. राहता राहिल्या शिट्टीबाई. त्या वेळी त्या मैदानावर लांब उडीच्या खड्ड्यात वाळू ओतत होत्या. हातातलं फावडं टाकून "बरं" म्हणाल्या.

संस्थेचे अध्यक्ष औषधांचे दुकानदार होते. बोलणं मोजकं, चमच्यानं पाजल्यासारखं. ते म्हणाले, "बाई, एकच गोष्ट सांगतो. यंदा निम्म्या तरी मुली पास झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर दहावीचा वर्ग बंद. मुली हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जातील."

"जातील?" बाईंनी विचारलं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. हमरस्ता ओलांडून, बस पकडून परगावच्या शाळेत आपली पोर पाठवणारे बाप त्या वस्तीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे म्हणणार, नववी झाली ना, पुष्कळ झालं, आता आईला हातभार लाव. म्हणजे तो एक वर्ग बंद झाला की कितीतरी पोरींची शाळाच संपली. बाईंनी हे ऐकलं आणि शिट्टी मुठीत घट्ट धरली, शर्यत सुटायच्या आधी धरायच्या तशी.

आता या गोष्टीतली दुसरी बाई. शिट्टीबाईंच्या थोरल्या जाऊबाई. त्याच घरात खालच्या मजल्यावर राहायच्या, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सगळं गाव त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायचं, त्यांचा सख्खा नवरासुद्धा. मोठ्या बाईंचं अक्षर म्हणजे मोती. नुसतं त्यांचंच नाही, त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीचं. वाण्याच्या दुकानातली यादी पाहून वाणी सांगायचा, या घरची सून आपल्या शाळेची दिसते. समास पट्टीनं आखलेला, मथळा लाल शाईनं, त्याखाली दुहेरी रेघ, उत्तर चौकटीत. खाडाखोड मोठ्या बाईंना अजिबात खपायची नाही. वहीत एक जरी अक्षर खोडलेलं दिसलं तरी अख्खं पान पुन्हा लिहायचं. त्या गेल्या तरी शिस्त गेली नाही. मधल्या काळात आलेल्या बाईंनीही ती तशीच चालू ठेवली, कारण मोठ्या बाई अजून शाळा समितीवर होत्या आणि महिन्यातून एकदा वह्या बघायला यायच्या.

पहिले काही महिने शिट्टीबाईंनी सगळे करतात तेच केलं. सकाळी जादा तास, संध्याकाळी जादा तास, रविवारी त्याहून जादा. शिक्षक जांभया द्यायला लागले, मुली बाकावर माना टाकायला लागल्या. सहामाहीचा निकाल लागला तो गेल्या वर्षीपेक्षाही वाईट.

"ओरडून ओरडून पोरं पळत नाहीत," घरी नवरा म्हणाला. "तूच सांगायचीस ना?"

"गप्प बसा," शिट्टीबाई म्हणाल्या. पण ते त्यांच्या डोक्यात बसलं.

दहावीत एक उंच, काटकुळी मुलगी होती. तिला सगळे 'ढांगी' म्हणायचे. लांब उडीत ती अशी झेपावायची की बाईंना खड्डा वाढवावा लागला होता. सहामाहीत तिला गणितात भोपळ्याच्या जवळपास मार्क मिळाले होते. एका सकाळी उड्या झाल्यावर बाईंनी टेप गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, "ढांगे, आजच्या सगळ्या उड्यांची सरासरी किती गं?"

ढांगीनं एक डोळा मिटला आणि आकडा सांगून टाकला, दशांश चिन्हासकट. बाईंनी तो खोलीत जाऊन कागदावर पडताळला. कागदावर त्यांना बराच वेळ लागला, पण आकडा बरोबर होता.

"मग परीक्षेत काय होतं तुला?"

"येतं हो बाई. पण पुरत नाही."

"काय पुरत नाही?"

"वेळ."

मागं पडलेली प्रत्येक धावपटू हेच म्हणते, असं बाईंना वाटलं. पण शर्यत कोण हरणार हे बाई पायांवरून नाही, खांद्यांवरून ओळखायच्या. म्हणून पुढच्या सराव परीक्षेला त्या स्वतः हॉलमध्ये सगळ्यांत मागं जाऊन बसल्या. पेपर बघायला नाही, पोरींचे खांदे बघायला.

गणिताचा पेपर सुरू झाला. प्रश्नपत्रिका वाचायच्या आधी सगळ्या मुलींनी पट्ट्या काढल्या. समास आखला. मग मथळा. मग लाल पेन, दुहेरी रेघ. भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकत होतं आणि एकीनंही अजून गणित सोडवलं नव्हतं. मग लिखाण सुरू झालं, आणि त्याबरोबर शाईच्या खोडरबरांची खसखस. एक आकडा चुकला की खोड, फुंकर मार, खोडरबराचा भुगा तळहातानं झाड, कागद काळा झाला का बघ, पुन्हा लिही. अख्खा हॉल शंभर मीटरच्या शर्यतीत बुटाच्या नाड्या बांधत बसल्यासारखा! धावा गं, धावा, असं बाईंना ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात पुढून आरडाओरडा झाला. पर्यवेक्षणाला असलेल्या भाषेच्या बाईंनी ढांगीचं मनगट पकडलं होतं. "कॉपी! हातभर कॉपी लिहून आणलीय कार्टीनं!"

ढांगीचा डावा हात तळव्यापासून कोपरापर्यंत निळ्या आकड्यांनी भरला होता. शिट्टीबाईंनी तो उजेडात धरला आणि प्रश्नपत्रिका शेजारी ठेवली. कॉपी कसली! पेपरातलंच गणित तिनं पायरीपायरीनं हातावर सोडवलं होतं. कागदावर फक्त उत्तर, चौकटीत.

"अगं, हे कागदावर का नाही केलंस?"

"कच्चं काम आहे, बाई," ढांगी मुसमुसत म्हणाली. "कागदावर घाण दिसतं. घाण दिसलं की मार्क कापतात."

गणिताच्या सरांना बोलावलं. सरांनी हात वरून खाली वाचला, मग ढांगीला कोपर वळवायला लावून उरलेला भाग वाचला. म्हणाले, "पद्धत अगदी बरोबर आहे. कागदावर असतं तर मार्क द्यावे लागले असते." मग हळू आवाजात, "घाणीचे मार्क मीच कापतो. मोठ्या बाईंच्या वेळेपासून."

शिट्टीबाईंना सगळं लख्ख दिसलं. एका बाईंच्या आवडीचं शाळेत वळण झालं होतं, आणि ते वळण पोरींच्या मानगुटीवर बसून परीक्षेच्या हॉलपर्यंत गेलं होतं. पोरींना उत्तरं येत होती. चुकायची भीती त्यांना उत्तरापर्यंत पोचू देत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी शिक्षकांची सभा. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "आजपासून दहावीत खोडरबर बंद. चुकलं की एक आडवी रेघ मारायची आणि पुढं जायचं. कच्चं काम कागदावर, शेवटच्या पानावर. लाल पेन घरी."

विज्ञानाच्या बाईंचा रक्तदाब तिथल्या तिथं वाढला. भाषेच्या बाई म्हणाल्या, "अक्षरच गेलं तर या शाळेत राहिलं काय?"

"दहावीचा वर्ग," शिट्टीबाई म्हणाल्या.

"आणि मोठ्या बाईंना कोण सांगणार?"

सगळ्यांनी शिट्टीबाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं विहिरीत उतरणाऱ्याकडे पाहतात.

हुकूम सोडणं सोपं. पोरींच्या हाताला तो कळेना. रेघ मारायची वेळ आली की हात आपोआप खोडरबर शोधायला लागायचा. ढांगीनं आयुष्यातली पहिली खाडाखोड केली आणि बाकावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. वेळेचं भान यावं म्हणून शिट्टीबाईंनी एक शक्कल काढली, प्रत्येक प्रश्नाची वेळ संपली की शिट्टी वाजवायची. पहिली शिट्टी त्यांनी सवयीनं लांबलचक फुंकली. झालं! लांब शिट्टी म्हणजे रांग, हे पाचवीपासून हाडात भिनलेलं. अख्खा वर्ग पेन टाकून उठला, उंचीप्रमाणे रांग लावली आणि मैदानाच्या दिशेनं निघालाही. ढांगी सगळ्यांत मागं, डोळे पुसत. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून शिट्टीऐवजी टेबलावर डस्टर आपटायचं ठरलं. खडूच्या धुरळ्यानं पुढच्या बाकावरच्या मुली आठवडाभर शिंकत होत्या.

पण भीती काही जाईना. मग बाईंना वाटलं, आपण स्वतः खड्ड्यात उडी मारून दाखवल्याशिवाय कुठल्या पोरीनं उडी मारलीय आजवर? शाळेच्या दर्शनी ओसरीत एक फळा होता. रोजची सूचना त्यावर लिहायची, आणि तो लिहिणं हा मोठ्या बाईंच्या काळापासून मान होता. शिट्टीबाईंनी तो आपल्याकडे घेतला. आपल्या त्या मांजराच्या अक्षरात त्या रोज काहीतरी लिहायच्या, मध्येच एखादा शब्द चुकवायच्या, सगळ्यांच्या देखत त्यावर एक ठसठशीत रेघ मारायच्या आणि पुढं लिहायच्या. खरं तर चुकवायची गरज पडायची नाही, आपोआप चुकायचं. पाचवीतल्या चिमुरड्या हसून लोळायच्या. "बाई, आज दोनदाच खोडलं!" हळूहळू दहावीतल्याही हसायला लागल्या. आणि हसता हसता एक दिवस त्यांच्या पेपरांत रेघा दिसायला लागल्या, आधी लाजऱ्या, मग बेधडक.

नेमक्या त्याच आठवड्यात मोठ्या बाई वह्या बघायला आल्या.

ओसरीत आल्या, फळ्यापाशी थांबल्या. वाचलं. वहीला हातही न लावता आल्या पावली परत गेल्या. संध्याकाळी शिट्टीबाई घरी पोचल्या तर जाऊबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेल्या. वर जायला वाटच नाही.

"ये, धाकटे. ये. आयुष्यभर मी जे उभं केलं ते एका रेघेत खोडलंस. शाबास!"

"ताई, ऐकून तर घ्या..."

"काय ऐकू? वर्गात केलंस ते कमी पडलं म्हणून चव्हाट्यावर फळा मांडलास? तुझं अक्षर असलं म्हणून सगळ्यांचं व्हायला पाहिजे का? मी समितीत हे मांडणार आहे. उद्याच."

शिट्टीबाईंना वाद घालता यायचा नाही. मैदानावर कोणी पंचाशी हुज्जत घातली की त्या एकच करायच्या, चेंडू त्याच्या हातात द्यायच्या. त्या म्हणाल्या, "मांडा. पण आधी एक पेपर द्या. आमच्या पोरींबरोबर, त्याच हॉलमध्ये. इतिहासाचा. तुमचाच विषय."

मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या. "मी? पेपर? अगं, तुझ्या पोरींना लाज वाटेल पुढं बसायला."

"बघू."

"बघच!"

सराव परीक्षेच्या दिवशी मोठ्या बाई अशा आल्या जणू बक्षीस समारंभच आहे. दोन पेनं, पट्टी, खोडरबर, लाल शाई. ढांगीशेजारच्या बाकावर बसल्या. ढांगीची पाचावर धारण बसली, ती बिचारी बाकाच्या पार कडेला सरकली. पेपर वाटला गेला. मोठ्या बाईंनी समास आखला, मथळा लिहिला, दुहेरी रेघ मारली. पहिल्या उत्तरात एक सन चुकला तो हळुवार खोडला, फुंकर मारली, पुन्हा लिहिला. शेजारी ढांगीचं पेन घोड्यासारखं उधळलं होतं. मोठ्या बाईंनी दोनदा तिच्या कागदाकडे पाहून नाक मुरडलं. मागं बसलेल्या शिट्टीबाईंना जाऊबाईंचे खांदे दिसत होते. आधी ते अगदी सरळ होते. मग जरा आखडले. मग शेवटाकडे, डस्टर वाजल्यावर, कानापर्यंत चढले.

घंटा झाली. "पेनं खाली!"

"थांब, थांब गं," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुझी घंटा पुढं आहे."

"घड्याळ तुमच्याच वेळचं आहे, ताई."

ढांगीनं आपला पेपर दिला, रेघोट्यांनी भरलेला, शेवटच्या प्रश्नापर्यंत. मोठ्या बाईंचा पेपर भिंतीवर लावावा इतका देखणा, आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे. त्या तशाच बसून राहिल्या. हॉल रिकामा झाला तरी उठल्या नाहीत. शिट्टीबाई शेजारी जाऊन बसल्या. बाक अरुंद, दोघींचे गुडघे समोर अडकत होते.

"ते दोन्ही प्रश्न मला येत होते गं," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज एकदम शाळकरी पोरीसारखा.

"मला माहीत आहे."

"चांगले येत होते. तोंडपाठ." त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत राहिल्या. "दरवर्षी पोरी पेपर देऊन बाहेर यायच्या, रडत. म्हणायच्या, मोठ्या बाई, येत होतं हो. आणि मी काय म्हणायची ठाऊक आहे? येत होतं तर लिहिलं का नाहीस?"

मोठ्या बाईंनी गठ्ठ्यातून ढांगीचा पेपर ओढला, चष्मा चढवला आणि वाचायला लागल्या. "हे काय अक्षर आहे? कोंबडी नाचलीय नुसती." पान उलटलं. "हे बरोबर लिहिलंय." आणखी एक पान. "हेही बरोबर. चांगली डोक्याची आहे की गं पोरगी!"

"आहेच."

"समितीत मी काही मांडत नाही. पण वाचता तरी आलं पाहिजे, धाकटे. नाहीतर तपासणारा तुझ्यासारखं फावडं घेऊन बसायचा. भरभर आणि स्वच्छ, दोन्ही जमतं. मी दाखवते त्यांना."

आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून त्या यायला लागल्या. घड्याळ लावून लिहायला बसवायच्या. ज्या बाईंनी आयुष्यभर पानं पुन्हा लिहायला लावली, त्याच पोरींच्या मागं उभ्या राहून म्हणायच्या, "रेघ मार आणि चल! कौतुक करत बसू नकोस!" पोरींना आधी वाटलं मोठ्या बाईंना बरं नाहीये.

बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी फाटकात त्या बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन उभ्या होत्या. येईल त्या मुलीपुढं डबा धरायच्या. "खोडरबर. टाक आत. खिशातलाही." ढांगीनं तळहात उघडे करून दाखवले. "कोपर?" मोठ्या बाईंनी विचारलं. ढांगीनं बाह्या वर केल्या. हात कोरे होते. "जा आता. पळ."

निकाल आला तो कडक उन्हाच्या दुपारी. शिट्टीबाई कारकुनाच्या टेबलापाशी येरझारा घालत होत्या, किल्ल्या आणि शिट्टी नुसत्या खणखणत होत्या. कारकुनानं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मान वर केली. निम्म्याहून बऱ्याच जास्त मुली पास! ढांगीला गणितात असे मार्क की सर म्हणाले, "ही पुरवणीवर काय लिहीत सुटली होती कोण जाणे, पण लिहिलंय खरं." नापास झालेल्याही होत्याच, त्या पुन्हा बसणार होत्या, आणि त्यांनी बसायचं कुठं हा प्रश्न आता उरला नव्हता. दुकान अर्धवट सोडून आलेल्या अध्यक्षांनी एवढंच म्हटलं, "वर्ग चालू राहील." आज चमचा जरा मोठा होता, कारण पाठोपाठ म्हणाले, "फार बरं वाटलं."

शिट्टीबाईंना काय करावं सुचेना. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि लांबलचक फुंकली. सगळी शाळा वर्गातून बाहेर पडली आणि मैदानात उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली, का ते कुणालाच ठाऊक नाही.

ओसरीतल्या फळ्यावर निकाल लिहायचा मान शिट्टीबाईंनी जाऊबाईंना दिला. अध्यक्षांना फोटो हवा होता. मोठ्या बाईंनी नवा खडू घेतला, पदर खोचून घेतला आणि मोत्यांच्या ओळी घालायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत उत्तीर्ण मुलींचा आकडा चुकला. मैदानातून कुजबुज उठली. ढांगी चार ढांगांत डस्टर घेऊन धावली.

"राहू दे," मोठ्या बाई म्हणाल्या. चुकलेल्या आकड्यावर त्यांनी एक आडवी रेघ मारली, शेजारी बरोबर आकडा लिहिला आणि पुढं लिहीत राहिल्या.

रेघ मात्र त्यांनी पट्टी लावूनच मारली.